नेहर–साकमान यांचे दोन निबंध : संदर्भसंख्येवरून आयन चॅनेलच्या संशोधनाचा प्रभाव कसा ओळखावा?

सूक्ष्मदर्शी :

नमस्कार. मी एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, आमच्या गावच्या वाचनालयात आयन चॅनेल या विषयावर तासभर बोलायचे मी कबूल केले आहे. पेशीच्या पटलात प्रथिनांच्या वाहिन्या असतात, त्यांतून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, ये-जा करतात आणि हृदयाच्या ठोक्यापासून बोटाच्या हालचालीपर्यंत सारे त्यावर चालते, एवढे सांगणे अवघड नाही. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांच्या कामाचा परिणाम मात्र ‘१९९१ साली नोबेल मिळाले’ एवढ्यावर न भागवता आकड्यांत दाखवावा म्हणून मी गूगल स्कॉलर हे संशोधन-निबंध शोधण्याचे संकेतस्थळ उघडले, आणि तिथे जे दिसले त्याचा अर्थ मला लावता येईना.

१९७६ साली या दोघांनी ‘नेचर’मध्ये छापलेल्या निबंधात, बेडकाच्या स्नायुतंतूवर काचेची बारीक नळी टेकवून, एकेका वाहिनीतून वाहणारा प्रवाह प्रथमच मोजून दाखवला होता. नोबेल दिले तेही पेशीतील एकेका वाहिनीच्या कार्याविषयीच्या शोधांसाठी. १९८१ सालचा निबंध ‘प्फ्लुगर्स आर्काइव्ह’ या जर्मन नियतकालिकातला आहे आणि त्यात तीच पद्धत सुधारून कशी वापरावी हे सांगितले आहे. असे असूनही १९८१ च्या निबंधाचे संदर्भ, म्हणजे पुढच्या निबंधांनी केलेले त्याचे उल्लेख, पंधरा हजारांच्या वर आहेत आणि १९७६ चा निबंध त्याच्या कित्येक पटींनी मागे आहे. शोधापेक्षा शोधाच्या कृतीला जास्त मान, असे समजायचे का?

दुसरी अडचण याहून मोठी आहे. चेतातंतूतला विद्युतसंदेश समीकरणांत मांडणारा हॉजकिन आणि हक्सली यांचा १९५२ चा निबंध म्हणजे या विषयाचा पायाच, परंतु १९५१ साली लॉरी आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची जी रासायनिक रीत छापली तिचे संदर्भ तीन लाखांच्या वर गेले आहेत. आकडाच प्रमाण मानला तर लॉरी हे हॉजकिन–हक्सलींपेक्षा कितीतरी थोर ठरतात. श्रोत्यांमध्ये निवृत्त शिक्षक पुष्कळ असतात आणि ते असले प्रश्न सोडत नाहीत, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

गिगासील :

सर, मी आठ वर्षे पॅच क्लॅम्प, म्हणजे काचेची नळी पटलाला लावून प्रवाह मोजण्याचे हेच तंत्र, वापरले आहे, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी टेबलाजवळूनच देते. आमच्या निबंधांतल्या ‘पद्धती’ या विभागात एक ठरीव वाक्य असते, की नोंदी होल-सेल पद्धतीने घेतल्या, आणि त्याच्या पुढे येते ‘हॅमिल आणि इतर, १९८१’, म्हणजे आपण म्हणता तोच १९८१ चा निबंध; हॅमिल हे त्याचे पहिले लेखक. हे वाक्य लिहिताना एकेका वाहिनीविषयी नेहर आणि साकमान यांनी काय शोधले याचा विचार कोणाच्या मनात नसतो. आपण प्रयोग कसा केला एवढेच वाचकाला कळवायचे असते. १९७६ च्या निबंधाचा संदर्भ जो देतो तो इतिहास सांगत असतो किंवा एकेका वाहिनीवरच काम करत असतो, आणि अशी माणसे थोडी.

आता १९८१ मध्ये नवे काय होते ते पाहा. १९७६ च्या प्रयोगात काचेची नळी पटलावर नुसती टेकलेली होती, त्यामुळे काच आणि पटल यांच्या फटीतून गळती होत असे आणि वाहिनीचा काही पिकोअँपिअरचा, म्हणजे अतिसूक्ष्म, प्रवाह मोठ्या मुश्किलीने विद्युत गोंगाटाच्या वर दिसत असे. पुढे लक्षात आले की नळी अगदी स्वच्छ असली आणि आतून हलके शोषण दिले, तर पटल काचेला असे काही चिकटते की त्या सांध्याचा, म्हणजे सीलचा, रोध एकदम गिगाओहमच्या (अब्जावधी ओहमच्या) घरात जातो. हा क्षण ज्याने पाहिला आहे त्याला तो विसरता येत नाही. हवेवर तरंगणारे टेबल, भोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा, सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी, आणि आपल्या तोंडात प्लास्टिकच्या नळीचे टोक. पडद्यावर चाचणीच्या स्पंदाचा उंच चौकोन दिसत असतो. तुम्ही अगदी हलकेच, चहाचा पहिला घोट घेताना ओढावे तितकेच, शोषता आणि तो चौकोन बघता बघता सपाट होतो. सील बसले. नाही बसले तर ती नळी फेकायची आणि नवी घ्यायची, कारण एकदा पटलाला लागलेल्या नळीच्या टोकावर सहसा दुसऱ्यांदा सील बसत नाही.

सील बसल्यावर आणखी थोडे जोर लावून शोषले की नळीखालचा पटलाचा तुकडा फुटतो आणि नळीचा पोकळ भाग पेशीच्या आतल्या द्रवाला जोडला जातो. हीच होल-सेल पद्धत. त्याआधी पेशीत टोकदार सूक्ष्म इलेक्ट्रोड खुपसावा लागे आणि लहान पेशी त्याने खलास होत. १९८१ नंतर मेंदूतल्या, स्वादुपिंडातल्या, रक्तातल्या लहानसहान पेशी मोजता येऊ लागल्या. त्या निबंधाचा संदर्भ देणाऱ्या बहुतेकांनी एकेक वाहिनी कधी पाहिलेलीही नसते, ते अख्ख्या पेशीचा प्रवाह मोजत असतात. म्हणजे १९७६ चा निबंध एका प्रश्नाचे उत्तर होता आणि १९८१ च्या निबंधाने हजारो लोकांना आपापले प्रश्न विचारण्याची सोय करून दिली. प्रभाव दोन्हींचा आहे, पण तो एका मापाने मोजण्यासारखा नाही.

एक कबुलीही देते. माझ्या शेवटच्या दोन निबंधांत मी हॅमिल यांचे नाव घातलेच नाही. ‘पॅच क्लॅम्प’ हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याला संदर्भ देणे म्हणजे सूक्ष्मदर्शकाला संदर्भ देण्यासारखे वाटते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वी ओळखले होते, की एखादे काम ज्ञानात पूर्ण मुरले की त्याच्या कर्त्याचे नाव लिहिणे लोक सोडून देतात.

ग्रंथपाल_कोथरूड :

संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात बरीच वर्षे काढल्यामुळे आकड्यांच्या बाजूने थोडे लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आपण कोणता आकडा पाहिला हे भाषणात अवश्य सांगा. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकातली प्रकरणे आणि संकेतस्थळांवरचे कच्चे मसुदेही मोजते, तर वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस या संदर्भसूच्या निवडक नियतकालिकांपुरतेच पाहतात, म्हणून एकाच निबंधाचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात आणि स्कॉलरचा सहसा सर्वांत मोठा असतो. १९६४ साली फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांनी सायन्स सायटेशन इंडेक्स काढला तो मुळात निबंध शोधण्यासाठी. एक जुना निबंध हाती आला की त्याचा उल्लेख पुढे कोणी केला हे सापडावे, एवढाच हेतू. अमेरिकेतल्या वकिलांकडे पूर्वीच्या निकालांचा पुढे कुठे आधार घेतला गेला हे दाखवणारी सूची असे, तिच्यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. माणसांचे मोल ठरवण्यासाठी तिचा वापर मागाहून सुरू झाला.

दुसरे, लॉरींविषयी. त्यांची रीत जीवरसायनाच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत, कोणताही विषय असो, प्रथिने मोजायला वापरली जात असे. यकृतावर काम करणारा, वनस्पतींवर काम करणारा आणि जिवाणूंवर काम करणारा असे सगळे तिचा संदर्भ देत. हॉजकिन–हक्सली यांच्या समीकरणांना असे सर्वदूर गिऱ्हाईक असण्याचा प्रश्नच नव्हता. आपला निबंध काही थोर नाही हे लॉरी स्वतः जाणून होते आणि तसे त्यांनी लिहिलेही आहे. तुलना करायचीच तर एकाच क्षेत्रातल्या, एकाच काळातल्या आणि एकाच प्रकारच्या निबंधांची करावी.

तिसरी गोष्ट आम्हा ग्रंथपालांच्या जिव्हाळ्याची. १९८१ च्या निबंधाचे लेखक हॅमिल, मार्टी, नेहर, साकमान, सिगवर्थ असे आहेत. नावे नीट पाहिलीत तर रोमन लिपीतल्या आद्याक्षरांच्या क्रमाने लावलेली दिसतील. त्यामुळे चाळीस वर्षे जग ‘हॅमिल आणि इतर’ म्हणत आले आणि नेहर हे ‘इतर’ मध्ये गेले. आपल्याकडे पदोन्नतीच्या गुणतक्त्यात सहलेखकांपैकी पहिल्या लेखकाचा वाटा मोठा धरतात आणि नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा, जास्त असेल तर गुणही जास्त देतात. त्या हिशेबाने ‘नेचर’मधला १९७६ चा निबंध ‘प्फ्लुगर्स आर्काइव्ह’मधल्या निबंधाहून वरचढ ठरला असता, आणि ज्या निबंधाने शेकडो प्रयोगशाळांचे काम बदलले त्यात नेहर यांच्या पदरात तिसऱ्या लेखकाचे गुण पडले असते.

तराजू :

ग्रंथपाल साहेबांचे म्हणणे पटते, तरी आकड्यांना झोडपणे आता फार सोपे झाले आहे असेही वाटते. मी काही निवड समित्यांवर बसलो आहे. आकडे बाजूला ठेवा म्हटले की त्यांच्या जागी ‘हे अमुक सरांचे विद्यार्थी आहेत’ हे वाक्य येऊन बसते, आणि ते वाक्य तपासायची सोय कोणत्याही संकेतस्थळावर नाही. एकदा एका उमेदवाराचे काम जगभर वापरले जात असल्याचे केवळ संदर्भसंख्येमुळे आमच्या लक्षात आले. शिफारसपत्रात त्याचा मागमूसही नव्हता.

२००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला तो याच गरजेतून. ज्याचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उद्धृत झाले त्याचा निर्देशांक वीस. एका निबंधाच्या नशिबाने माणूस मोठा ठरू नये हा त्यातला चांगला भाग. वाईट भाग असा की, पंधरा हजार संदर्भ असलेला निबंधही या हिशेबात एकच धरला जातो. म्हणजे हे माप सातत्य मोजते. एखाद्या उडीची नोंद त्यात होत नाही. मला ते टाकून द्यावेसे वाटत नाही, मात्र काय मोजले हे माहीत असल्याशिवाय कोणी वापरू नये.

सूक्ष्मदर्शी :

सर्वांचे आभार. गिगासील ताईंचे वर्णन वाचून तर भाषणाची सुरुवात त्या चौकोनापासूनच करावी असे ठरवले आहे. दोन शंका उरल्या. प्रत्येक संदर्भ हा होकारच असतो का? आणि ‘आपल्याकडे यात काही झाले का?’ हा प्रश्न हमखास येणार, त्याला काय सांगावे?

गिगासील :

होकार असतोच असे नाही, आणि याचे उदाहरण आयन चॅनेलच्याच क्षेत्रात आहे. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ साली जिवाणूतल्या पोटॅशियम वाहिनीची रचना क्ष-किरणांनी उलगडली. पोटॅशियमपेक्षा लहान असूनही सोडियमचा आयन तिच्यातून का जात नाही, याचे उत्तर त्या रचनेत डोळ्यांना दिसले. वाहिनीच्या अरुंद भागातले ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमच्या मापाने बसवलेले आहेत, सोडियमला ते नीट कवेत घेऊ शकत नाहीत. या निबंधाचे संदर्भ हजारोंत आहेत आणि त्यांतले बहुतेक मान्यतेचे आहेत. २००३ साली त्यांना नोबेल मिळाले.

त्याच वर्षी त्यांच्या गटाने व्होल्टेजला प्रतिसाद देणाऱ्या एका वाहिनीची रचना छापली आणि तिचा संवेदक भाग वल्ह्यासारखा पटलातून वर-खाली सरकतो असे प्रतिपादन केले. यावर क्षेत्रात खडाजंगी झाली. कित्येक गट वर्षानुवर्षे मोजत असलेल्या गोष्टींशी ते चित्र जुळत नव्हते, त्यामुळे निबंधामागून निबंध आले आणि प्रत्येकाला त्या २००३ च्या निबंधाचा संदर्भ देणे भागच होते. २००५ साली सस्तन प्राण्यातल्या वाहिनीची रचना त्याच गटाने छापली तेव्हा चित्र बरेच सुधारले. संदर्भ मोजणाऱ्या यंत्राला १९९८ चा होकार आणि २००३ चा वाद सारखाच दिसतो. मला तरी तो वाद वाया गेला असे वाटत नाही; इतके नेमके, तरी चुकीचे चित्र समोर आल्यानेच सगळे कामाला लागले.

आपल्याकडचे विचाराल तर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दिकी यांचे नाव अवश्य घ्या. फळमाशीचा एक उत्परिवर्तित वाण आहे, त्याला पॅरालिटिक म्हणतात. सुमारे २९ अंश तापमानाला या माश्या काही क्षणांत लोळागोळा होऊन पडतात आणि गारवा मिळाला की उठून चालू लागतात. सिद्दिकी आणि सीमोर बेन्झर यांनी १९७६ साली दाखवले की या माश्यांत तापमान चढल्यावर चेतातंतूतून संवेदनेचा वहनमार्गच बंद पडतो. या वाणात बिघडलेले जनुक सोडियम वाहिनीचे आहे हे १९८९ साली दुसऱ्या गटाने सिद्ध केले. आज ज्याला ‘सोडियम वाहिनीचे जनुक’ एवढेच लिहायचे असते तो १९८९ पाशी थांबतो, किंवा त्याहून सोपे म्हणजे एखाद्या आढाव्याचा संदर्भ देऊन मोकळा होतो. वाटेतला निबंध असा मागे पडतो.

गोळी_आणि_नाडी :

औषधनिर्मितीतून निवृत्त झालेल्या माणसाची थोडी भर. कुठल्याही यादीत न दिसणारा एक प्रभाव आहे आणि तो बहुधा सर्वांत मोठा आहे.

ईथरची गुंगी दिल्यावर पाय थरथरवणाऱ्या माशीच्या एका वाणाला कोणा मिश्किलाने ‘ईथर-अ-गो-गो’ असे नाव ठेवले होते. त्या जनुकाचा माणसातला भाईबंद म्हणजे हर्ग ही पोटॅशियम वाहिनी. १९९५ साली सिद्ध झाले की हृदयाचा ठोका संपताना पेशीला पूर्ववत करणारा एक महत्त्वाचा प्रवाह या वाहिनीतून जातो आणि ती बिघडली तर क्यूटी, म्हणजे हृदयाच्या विद्युत-आलेखावरचे एका ठोक्यातले ठरावीक अंतर, लांबण्याचा आनुवंशिक विकार होतो. तेव्हाच्या काळात टर्फेनाडिन हे सर्दी-ॲलर्जीचे औषध सर्रास दिले जाई. यकृत एरवी त्याचे झटपट रूपांतर करते, पण काही बुरशीनाशके किंवा प्रतिजैविके बरोबर घेतली की ते रूपांतर अडते, मूळ औषध रक्तात साचते आणि हर्ग वाहिनी तुंबवते. काही रुग्ण हृदयाच्या तालबिघाडाने दगावले आणि ते औषध अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले.

२००५ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नवे औषध माणसाला देण्यापूर्वी ते हर्ग वाहिनी अडवते का हे तपासण्याची पद्धत रूढ झाली. आमच्याकडे असे किती रेणू या एका चाचणीत बाद झाले असतील याची गणती नाही. त्या प्रत्येक चाचणीचा अहवाल नियामकाकडे गेला किंवा कपाटात पडला. त्यांतला एकही निबंध म्हणून छापला गेला नाही आणि म्हणून त्यातून एकही संदर्भ निघाला नाही. जे औषध बाजारात आलेच नाही त्याने वाचलेला माणूसही कुठे मोजला जात नाही. चाचणीत वापरायचे ते होल-सेल पॅच क्लॅम्पच, म्हणजे पुन्हा १९८१ चाच निबंध, पण अहवालात हॅमिल यांचे नाव लिहिल्याचे मला आठवत नाही.

सूक्ष्मदर्शी :

हर्गचा किस्सा मी घेणारच. आमच्या गावात क्यूटी हा शब्द नवा असला तरी ‘दोन औषधे एकत्र घेतली आणि बाधली’ हे प्रत्येकाला कळते.

या चर्चेच्या निमित्ताने माझी एक चूक मला सापडली तीही सांगून टाकतो. वीस वर्षे मी विद्यार्थ्यांच्या टिपणात ‘हॉजकिन आणि हक्सली, १९५२’ असे लिहीत आलो आणि मूळ निबंध कधी उघडून पाहिला नव्हता. काल पाहिला. पंचेचाळीस पानांचा आहे. माकुळाच्या जाड अक्षतंतूवरच्या (चेतापेशीच्या लांब तंतूवरच्या) मोजमापांतून समीकरणे मांडली आहेत. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद असल्यामुळे हक्सली यांनी ती हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर सोडवली, हे मी अन्यत्र वाचले होते. निबंधात मात्र मला थबकवणारी गोष्ट वेगळीच होती. आपली समीकरणे प्रत्यक्ष मोजमापांशी इतकी जुळत असूनही, त्यावरून ती सोडियम आणि पोटॅशियमच्या पारगम्यतेचे अनुभवजन्य वर्णन करतात यापलीकडे काही मानू नये, असे लेखकांनी स्वतःच बजावले आहे. वाहिनी नावाची वस्तू खरोखर आहे असा दावा त्यात नाही. आणि मी मात्र ‘आयन चॅनेलचा शोध’ असे लिहून त्यापुढे हेच नाव देत होतो.

ग्रंथपाल_कोथरूड :

मग आता एक अक्षरही जोडा. त्या वर्षी त्यांचे एकाच नियतकालिकात पाच निबंध आले होते. त्यांतला एक बर्नार्ड काट्झ यांच्यासह आणि बाकीचे चार दोघांचेच, म्हणून या चारांना संदर्भसूचीत अ, ब, क, ड अशी अक्षरे लावतात. तुम्ही वाचलात तो समीकरणांचा निबंध म्हणजे १९५२ ड. नुसते ‘१९५२’ लिहिणारे तुम्ही एकटे नाही. आमच्याकडे प्रबंध तपासायला येतात त्यांत या अक्षरांची अदलाबदल मी अनेकदा दुरुस्त केली आहे, आणि ती चुकली की संदर्भ दुसऱ्याच निबंधाच्या खात्यावर जमा होतो.